काय भाव लागला?

कापूस विकून घरी आलेल्या माणसाला आमच्याकडे "काय भाव लागला?" असं विचारतात. ठेच लागते, ऊन लागतं, तसा भाव लागतो. "काय भावानं दिला?" हा प्रश्न मी या घरात अकरा वर्षांत एकदाही ऐकला नाही, आणि माहेरीही ऐकला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी स्लॅबवर बसले होते. मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर माझ्याच मालाच्या जाहिरातीचं चित्र, आणि त्यात "किंमत ₹" याच्या पुढची जागा रिकामी. पाऊण तास ती रिकामीच राहिली.

माल म्हणजे चाळीस पानांची एक पीडीएफ. पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी काना-मात्रा नसलेल्या शब्दांचा सराव. घर, नळ, बदक, कमळ. आधी ठिपक्यांवरून गिरवायचं, मग चित्राशी जोडायचं, मग आपल्या हातानं लिहायचं. ती करायला मला पाच महिने लागले होते. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी असा सगळा हिशेब आमच्या घरात डायरीत लिहिलेला असतो, म्हणून मीही त्याच वाटेनं जाऊन पाहिलं. वीज इतकी, नेटपॅक इतका, लॅपटॉपची दुरुस्ती इतकी. बेरीज झाली, पण ती कितीनं भागायची इथे अडकले. दहा जण घेतील की हजार? कापसाचा क्विंटल एकदाच विकला जातो. ही फाइल कितीदा विकली जाईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि अकराव्या माणसाला देताना माझा एक पैसाही जास्त लागणार नव्हता. खर्चावरून भाव काढायची रीत इथे चालेना. शेवटी ४९ लिहिले. पन्नास म्हणायला जीभ रेटली नाही.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी-पुलगाव रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे. लग्नाआधी मी आर्वीतल्या एका डीटीपीच्या दुकानात सहा वर्षं काम केलं. लग्नपत्रिका, तेरवीचे निरोप, भागवत सप्ताहाची पत्रकं, सोसायटीचे अहवाल. तिथल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आमच्या दुकानात ती पोचायला पुढची वीसेक वर्षं जावी लागली. दुकानाचे मालक प्रूफावर फार कडक. नवरीच्या नावातली वेलांटी चुकली तर त्या घरातले लोक आपल्याला जन्मभर विसरत नाहीत, असं ते म्हणायचे. त्या धाकानं माझी नजर अक्षरावर बसली ती बसलीच. सासरी आल्यावर ते काम सुटलं. पाच एकर शेत, कापूस आणि तूर, दोन म्हशी. टाइपिंगचा हात मात्र भाकरी थापतानाही चुळबुळ करत असे.

मुलगा पहिलीत गेला तिथून हे सुरू झालं. शाळा जिल्हा परिषदेची, चार वर्ग आणि दोन शिक्षक. मॅडम एका वर्गाला शिकवत असतात तेव्हा शेजारी बसलेल्या दुसऱ्या वर्गाच्या हाताला काहीतरी काम लागतं. त्यासाठी त्या रात्री घरी बसून स्केचपेननं कागद आखायच्या आणि सकाळी त्याच्या झेरॉक्स काढून आणायच्या. मी म्हटलं, "मॅडम, मी कॉम्प्युटरवर करून देऊ का?" २०२१ च्या जुलैत निपुण भारत अभियान सुरू झालं होतं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत, हे त्याचं उद्दिष्ट. त्यामुळे सगळ्याच शाळांत सरावाचे कागद हवे होते. मॅडमनी माझे कागद त्यांच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. महिन्याभरात साताऱ्याहून फोन आला, मग नांदेडहून. वर्षभर मी सगळं फुकट दिलं, आणि त्या वर्षात जे शिकले ते पुढे कुठल्याच शिकवणीत शिकता आलं नसतं.

पहिला संच मी रंगीत केला होता. बदक पिवळं, कमळ गुलाबी, पडद्यावर देखणं दिसायचं. एका गुरुजींनी झेरॉक्स केलेल्या पानाचा फोटो पाठवला. कमळाच्या जागी काळा डाग होता. खेड्यातल्या शाळेत रंगीत प्रिंट कोण काढणार? डीटीपीच्या दुकानात सहा वर्षं काढूनही हे मला सुचलं नव्हतं, याची फार बोचणी लागली. सगळी चित्रं नव्यानं काढली, नुसत्या रेषांची, भरीव काळं कुठेच नाही. कडेला समास सोडला, कारण साधा प्रिंटर पानाच्या टोकापर्यंत छापत नाही. एका ए-फोर पानावर दोन कागद बसवले आणि मध्ये कापायची रेघ दिली, म्हणजे तीस मुलांना पंधराच पानं. ६० एमबीची फाइल ४ वर आणली. ज्या शिक्षकाला नेटवर्क शोधत शाळेच्या मागच्या कडुनिंबाखाली उभं राहावं लागतं, त्याच्या फोनवर ६० एमबी उतरत नाहीत.

मग ल आला. बीडच्या एका बाईंनी लिहिलं, "ताई, तुमचा ल आमच्या पुस्तकातला नाही." पाहिलं तर खरंच. मी घेतलेल्या फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल होता, आणि श सुद्धा. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली आहेत. पाकळीचा ल, देठाचा श. बालभारतीच्या पुस्तकांतून मुलं तीच शिकतात. तुम्हाआम्हाला दोन्ही ल वाचता येतात, फरक जाणवतही नाही. सहा वर्षांचं लेकरू ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवत असतं तेव्हा त्याच्यासाठी ती दोन निराळी चित्रं असतात. शोधता शोधता कळलं की काही फॉन्टांत दोन्ही ल असतात. मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरला बजावून सांगितलं तरच आपला ल बाहेर येतो, नाहीतर ते हिंदी धरून चालतं. चाळीसही पानं पुन्हा केली आणि तोवर ज्यांना ज्यांना दिली होती त्या सगळ्यांना नवी फाइल पाठवली.

ऱ्ह चं दुखणं आणखी जवळचं. "पऱ्हाटी" म्हणजे कपाशीचं झाड, हा शब्द आमच्या लेकरांच्या रोजच्या जगण्यातला, म्हणून काना-वेलांटी असूनही तो संचात घेतला. ज्या साइटवर मी चित्रं मांडत होते तिथे त्याचं "पर्हाटी" व्हायला लागलं. र ह च्या डोक्यावर चढून बसायचा. वऱ्हाडी बोलायचं आणि वऱ्हाडी हा शब्दच नीट लिहिता येऊ नये, हे मला सहन होईना. युनिकोडमध्ये यासाठी खाली टिंब असलेला वेगळा र ठेवलेला आहे. ऱ, मग हलन्त, मग ह, अशा क्रमानं टाइप केलं की तो छोटा आडवा र जागच्या जागी येतो. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या, हा फरक त्या एवढ्याशा रेषेवर उभा आहे. ही किल्ली सापडली त्या रात्री मी साडेबारापर्यंत जागी होते, आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

हे सगळं सविस्तर लिहिण्याचं कारण आहे. "एकदा बनवा आणि झोपेतही कमवा" असं सांगणारे व्हिडिओ आमच्या गावातली पोरं-पोरीही बघतात. कुणी दोन दिवसांत ई-बुक करून विकायला काढतं, महिनाभर कुणी घेत नाही, आणि मग आपल्यातच काही कमी आहे असं समजून ते गप्प होतं. मला त्यांना सांगावंसं वाटतं की पेरणी एकदाच होते, पण डवरणी, म्हणजे डवरा फिरवून पिकाच्या ओळींतलं तण काढणं, पुन्हापुन्हा करावी लागते. धडा बदलतो, पानावर चूक सापडते, कुणाची लिंक उघडत नाही, कुणाला झिप फाइल म्हणजे काय ते ठाऊक नसतं आणि रात्री दहाला फोन येतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, लॅपटॉप दुपारी हात लावू देत नाही, म्हणून माझं काम पहाटे चार ते सात. सात वाजता दूध काढायचं असतं. मला हे काम मनापासून आवडतं, म्हणूनच ते सोपं आहे असं मी कुणाला सांगणार नाही.

पहिली विक्री कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेला झाली. तेव्हा दुकान वगैरे काही नव्हतं. यूपीआयचा क्यूआर पाठवायचा, त्यांनी पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा, मग मी लिंक द्यायची. ४९ रुपये आल्याचा मेसेज मी संध्याकाळी अंगणात मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वाचून दाखवला.

मामाजी बहात्तर वर्षांचे आहेत. १९७२ मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, सुरू झाली तेव्हा ते एकोणीस-वीस वर्षांचे होते. वडिलांबरोबर बैलबंडी घेऊन केंद्रावर जायचं, रांगेत बंडीखालीच झोपायचं, आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हप्त्याहप्त्यानं यायची वाट पाहायची, हे त्यांचं तरुणपण. आता खेडा खरेदीचा व्यापारी दारात येतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठ दाबतो आणि म्हणतो, "ओलं आहे." सरकारी खरेदीतही ओलावा मोजतात, पण तिथे निदान नियम माहीत असतो. ८ टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर माल परत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. यंत्रानं ११ दाखवले की २४३ रुपये गेले. दारातल्या मुठीला असा कुठला आकडा नसतो.

मामाजींनी मेसेज ऐकला आणि बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"सूनबाई, तू इकते मंजे काय इकते? इकल्यावरबी तं तुह्याजवळच रायते."

"नक्कल विकते, मामाजी. मूळ माझ्याजवळ."

"मंग ते बियान्यावानी झालं. शेजाऱ्याले देल्लं तरी कोठीत आहेच." थोडं थांबून म्हणाले, "अन् भाव कोन ठरवते?"

"मीच."

"तू?" पुन्हा थांबले. "अन् कोनी ओलं आहे म्हनलं तं?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. कारण म्हणणारे भेटत होतेच. "एवढ्याशा पानांचे पैसे?" "फ्रीमध्ये नाही का?" "दुसरीकडे असंच फुकट मिळतं." प्रत्येक वेळी माझ्या पोटात खड्डा पडायचा आणि मी २० रुपये कमी करायची. आमच्या मॅडमनी एकदा माझा फोन पाहिला. त्या म्हणाल्या, "तुम्ही कागदाची किंमत सांगताय. माझे रोज रात्रीचे दोन तास वाचतात, त्याचं काय?" किंमत अशी दुसऱ्याच्या घरातल्या दोन तासांवरून मोजायची असते हे माझ्या डोक्यातच आलेलं नव्हतं. त्या आठवड्यात मी ४९ चे ९९ केले. मनाला अजूनही एक गोष्ट टोचते, की यातले बहुतेक शिक्षक स्वतःच्या खिशातून पैसे देतात. शाळेचं अनुदान कधी येतं, कधी वर्ष संपताना येतं. म्हणून प्रत्येकाला शाळेच्या नावाची रीतसर पावती देते, पुढेमागे खर्चात दाखवता यावी यासाठी. आणि आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांना संच फुकट. तो हिशेब मी कधी मांडला नाही आणि मांडणारही नाही.

पुढे वेबसाइट केली, पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवरच पैसे घ्यायची सोय, घेतला. त्यासाठी पॅन, बँक खातं, परताव्याचे नियम लिहिलेलं पान, संपर्काचं पान, सगळं मागतात. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी, नोंदणी केली. ती सरकारी संकेतस्थळावर आधारवरून फुकट होते, हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यासाठी पैसे मोजलेल्या दोन बायका मला माहीत आहेत. जीएसटीची नोंदणी अजून लागत नाही. सेवा विकणाऱ्याला वर्षाच्या २० लाख उलाढालीपर्यंत ती सक्तीची नाही आणि मी त्या आकड्यापासून फार दूर आहे. ९९ रुपयांतून गेटवेचे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापून ९६ रुपये ६६ पैसे हातात येतात, तिसऱ्या दिवशी खात्यात. मामाजी म्हणाले, "चुकारा तिसऱ्या दिवशी?" आणि पासबुक भरून आणायला लावलं.

या धंद्यालाही हंगाम असतो हे पहिल्या वर्षी कळलं. उरलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, आमच्या विदर्भातल्या उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे माझी विक्री दोन लाटांनी येते, आणि नेमक्या त्या दोन लाटांच्या मधे मृगाचा पाऊस. गेल्या जूनमध्ये मी सरकी टोबत होते आणि पिशवीतला फोन सारखा वाजत होता. हातातली ओळ संपवून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आले तेव्हा नऊ ऑर्डरी पडलेल्या होत्या. चिखलाचे हात पुसून एकाला लिंक पुन्हा पाठवली. त्या धुऱ्यावर उभी असताना मला जे वाटलं ते सुख होतं, त्याला दुसरा शब्द नाही.

चोरी मात्र फार लागली. आमच्या मॅडमच्याच ग्रुपवर एक दिवस माझा संच आला, दुसऱ्या कुणाच्या नावानं. खालची माझ्या नावाची पट्टी कापलेली, पहिल्या पानावर नवं नाव, आणि खाली "सर्वांना पाठवा". ल पाकळीचा, श देठाचा, "पऱ्हाटी" मधला र जागच्या जागी. दोन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. नंतर वाचलं, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण लिहिलं-काढलं त्या क्षणीच हक्क आपला होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. पण कुठल्याशा जिल्ह्यातल्या अनोळखी शिक्षकाविरुद्ध ९९ रुपयांसाठी मी कुठे जाणार होते? त्यांना फोन केला. ते आधी चिडले, मग म्हणाले, "मला वाटलं सरकारी आहे." बहुधा खरंच वाटलं असावं. आपल्याकडे शाळेचं म्हणजे सगळं सरकारचं आणि सरकारचं म्हणजे कुणाचंच नाही. त्यांनी ग्रुपवर माझं नाव लिहून दुरुस्ती टाकली. आता प्रत्येक फाइलच्या तळाशी घेणाऱ्याच्या शाळेचं नाव आपोआप छापलं जातं. पुढे पाठवणं त्यानं थांबत नाही, थोडं कमी होतं. आणि पुढे गेलेल्या कागदावरून एखादं पोर वाचायला शिकलं असेल तर त्याचा राग मला करता येत नाही. नाव कापलं याचा येतो, तो येतच राहील.

सगळंच चाललं असंही नाही. बचत गटाच्या हिशेबाची एक एक्सेल शीट मी तीन महिने खपून केली. अकरा जणींनी घेतली. गटाच्या बायकांकडे लॅपटॉप नाही, फोनवर एक्सेलचे रकाने दिसत नाहीत. ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या ओट्यावर आधी जाऊन बसले असते तर तीन महिने वाचले असते.

यंदाच्या दिवाळीनंतर मी वऱ्हाडी शब्दांचा संच घेतला. वखर, डवरा, धुरा, बंडी, सांभार, बोंड. आमच्याकडचं पोर पुस्तकात "कोथिंबीर" वाचतं आणि घरी सांभार आणायला जातं. त्याच्या घरातला शब्द छापलेला दिसला तर ते वाचायला लवकर धजावतं, हे मी माझ्या मुलाबाबत पाहिलं आहे. शब्द सांगायला मामाजी. वेचणीच्या आधी शेतात सीतादहीची पूजा झाली, दहीभात शिंपडून झाला, आणि बायका कमरेला ओटी बांधून पहिल्या ओळीला लागल्या, तेव्हा ते धुऱ्यावर बसून मला डवऱ्याचा एकेक भाग दाखवत होते. मी फोनमध्ये फोटो काढत होते. नंतर घरी त्यांनी माझं डवऱ्याचं चित्र तीनदा खोडायला लावलं. दांडीचा कोन चुकला होता. चौथ्यांदा म्हणाले, "आता बैल जुपता येते याले."

परवा संच पूर्ण झाला. संध्याकाळी स्लॅबवर नेटवर्क बरं असतं म्हणून तिथे बसले होते. मामाजी जिन्याचा कठडा धरून हळूहळू वर आले आणि शेजारी टेकले. पडद्यावर सगळं भरलं होतं, नाव, वर्णन, नमुन्याची तीन पानं. "किंमत" चा चौकोन रिकामा होता. मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मामाजी. अर्धे शब्द तुमचे आहेत."

ते हसले नाहीत. चष्मा पुसला, तीनही पानं निरखून पाहिली, डवऱ्यावर बोट ठेवलं, मग खाली गोठ्याकडे बघत बसले. किती वेळ गेला कोण जाणे. चौकोनातली रेघ उघडझाप करत होती.

"एकशेवीस," ते म्हणाले. "अन् कोनी ओलं आहे म्हनलं तरी कमी नोको करजो."